मानधन की पगार?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी महिन्याला जी रक्कम येते तिला तुम्ही काय म्हणता? मास्तरांच्या घरी पगार येतो. एसटीच्या कंडक्टरच्या घरी पगार येतो. बँकेतल्या शिपायाच्या घरीही पगारच येतो. आमच्याकडे तर डेअरीवर दूध घालणारा शेतकरीसुद्धा दहा दिवसांनी हिशेब झाला की 'दुधाचा पगार झाला' म्हणतो. म्हणजे म्हशीच्या कष्टाला पगार म्हणायला कुणाची हरकत नाही! पण गल्लीतल्या अंगणवाडीची सेविका आणि तिची मदतनीस, या दोघींना मात्र पगार मिळत नाही. त्यांना मिळतं मानधन.

हा नुसता शब्दाचा खेळ आहे असं वाटेल. पण मला वाटतं, गेल्या दहा वर्षांत या बायकांनी जेवढे संप केले, जेवढे मोर्चे काढले, जेवढी आश्वासनं पदरात घेतली, त्या सगळ्याची गाठ या एका शब्दात आहे.

मानधन आपण कुणाला देतो? नवरात्रात रांगोळी स्पर्धा ठेवली की परीक्षक बोलावतो. तिला नारळ, ब्लाऊजपीस आणि पाकीट देतो. कीर्तनकार बुवांना देतो, व्याख्यात्यांना देतो. एका दिवसाचं काम आणि त्याबद्दल आदरानं दिलेली रक्कम. त्यात घासाघीस करायची नसते, आणि 'गेल्या वर्षीपेक्षा महागाई वाढलीय, तेव्हा जास्त द्या' असंही म्हणायचं नसतं. पाकिटात जे असेल ते हसून घ्यायचं. अडचण अशी की सेविका एका दिवसासाठी येत नाही. ती पंचवीस-तीस वर्षं येते.

आमचं वाशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पाहुण्यांना वाशी म्हटलं की नवी मुंबई आठवते, दर वेळी खुलासा करावा लागतो. इकडे तेरखेडा, तिकडे पारगाव, मधून सोलापूर-धुळे महामार्ग आणि बाकी सगळा बालाघाटाचा कोरडवाहू पट्टा. दसरा-दिवाळी झाली की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान लेकरू सोबत जातं, थोडं मोठं असलं तर आजीजवळ राहतं. कोणतं पोर गेलं, कोणतं राहिलं, कोणती बाई पोटुशी असताना फडात गेली आणि उन्हाळ्यात परत आल्यावर कुणाचं वजन घटलं, हे गावात एकाच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. अंगणवाडीच्या वहीत. हल्ली वहीऐवजी मोबाईलमध्ये.

मी बचत गटाचं काम करते, त्यामुळे अंगणवाडीत माझं जाणं-येणं असतं. बाहेरून बघणाऱ्याला ते 'चार तासांचं हलकं काम' वाटतं. 'पोरं सांभाळायची, खिचडी वाटायची, काय एवढं?' असं म्हणणाऱ्या बायकाही मी ऐकल्यात. खरं तर सहा कामं कागदावर आहेत: पूरक आहार, लसीकरणाला मदत, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती. आहार वर्षातले तीनशे दिवस द्यायचा. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची सगळी मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, सगळी तिच्या यादीत. आणि ही कागदावरची सहा कामं संपल्यावर सातवं सुरू होतं, ते म्हणजे वरून येईल ते.

२०२४ च्या जुलैत 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली तेव्हा आपल्यापैकी किती जणींचे फॉर्म सेविकाताईंनी भरले, आठवतं का? रात्री दहा-दहा वाजेपर्यंत साईट चालायची नाही आणि ताई मोबाईल वर धरून ओसरीत बसलेल्या. एका फॉर्ममागे पन्नास रुपये प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला होता. मग २०२५ च्या फेब्रुवारीत उलटं काम आलं. ज्यांच्या घरी चारचाकी आहे अशा बहिणींची घरोघर जाऊन पडताळणी करा! म्हणजे जुलैत ज्या शेजारणीचा फॉर्म भरला, तिच्याच दारात जाऊन 'गाडी कुणाच्या नावावर आहे?' विचारायचं. शहरात हे जमेल कदाचित. गावात ज्या विहिरीवर पाणी भरायचं, ज्या लग्नात जेवायला जायचं, तिथलंच नाव यादीतून काढायचं म्हणजे काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. योजना ठरवणारे मुंबईत, रोष ताईंवर.

हे सगळं कामगाराचं काम आहे की सेवाभावी बाईचं? २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा कल्पना अशी होती की गावातलीच एक बाई थोडा वेळ देईल, समाजकार्य म्हणून. म्हणून तिला मानसेवी म्हटलं आणि मानधन दिलं. त्या काळात ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण योजना पन्नास वर्षांची झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तर गरोदर बाईचा आणि सहा वर्षांखालच्या मुलाचा आहार हा कायद्यानं दिलेला हक्क झाला, आणि तो अंगणवाडीतूनच द्यायचा असंही त्यात लिहिलं. घेणाऱ्याचा हक्क कायद्यात आला, देणारी मात्र अजून स्वयंसेविका!

आता पैशाकडे येऊ, कारण शेवटी वाद तिथं आहे.

ज्यांना पगार असतो त्यांची पगारवाढ कशी ठरते बघा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वेतन आयोग असतो. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा विचार होतो. दरवर्षी एक वेतनवाढ मिळते, त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. एसटीमध्ये पद्धत वेगळी. तिथं मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळ समोरासमोर बसतात आणि चार वर्षांचा वेतन करार करतात. करार बरा असो की वाईट, दोन्ही बाजूंच्या सह्या असतात.

सेविकेच्या बाबतीत टेबलाच्या पलीकडे नेमकं कोण बसणार, हेच ठरलेलं नाही. योजना केंद्राची. नेमणूक, हजेरी, नोटीस हे जिल्हा परिषदेच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडून. मानधनातला मोठा भाग राज्याचा. राज्याकडे गेलं की म्हणतात, योजना केंद्राची आहे. केंद्राकडे गेलं की म्हणतात, तुमच्या राज्यानं हवं तेवढं वाढवावं, आम्ही कुठं अडवलंय? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसली गत.

केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेचं मूळ मानधन ३ हजारांवरून ४,५०० रुपये केलं, मदतनिसाचं दीड हजारांवरून २,२५०. त्या साडेचार हजारांतही ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. म्हणजे केंद्राच्या खिशातून सेविकेमागे महिन्याला २,७०० रुपये. पुढची सात वर्षं हा आकडा जागचा हलला नाही. या सात वर्षांत गॅस सिलिंडर कुठून कुठं गेला, तेलाचा डबा कुठं गेला, तुम्ही हिशेब ठेवतच असाल. मुलांच्या आहाराचंही तसंच. एका मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरलेला. आठ रुपयांत पोषण! आमच्या गटातल्या बायका म्हणायच्या, 'आठ रुपयांत तर आता शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा धड येत नाही.'

मग महाराष्ट्रात वाढ झाली ती कशी झाली? सप्टेंबर २०१७ मध्ये सेविका संपावर गेल्या, २६ दिवस. त्यानंतर ५ हजारांचं मानधन साडेसहा हजार झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये परत संप झाला, आणि मार्चच्या राज्य अर्थसंकल्पात ८,३२५ चे १० हजार झाले. मदतनिसाचे ४,४२५ चे साडेपाच हजार. मग ४ डिसेंबर २०२३ पासून सगळ्यात मोठा संप. मागणी होती सेविकेला २६ हजार, मदतनिसाला २० हजार, शिवाय ग्रॅच्युइटी आणि पेन्शन. हा संप चालला ५२ दिवस, २५ जानेवारी २०२४ पर्यंत. आश्वासनावर मिटला. प्रत्यक्ष रकमेचा निर्णय आला तो त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना. सेविकेला तीन हजार वाढ म्हणजे १३ हजार, मदतनिसाला दोन हजार वाढ म्हणजे साडेसात हजार, आणि वर कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता.

तारखा एका खाली एक लिहून बघितल्या की लक्षात येतं, वाढ आली ती संपानंतर, नाहीतर निवडणुकीआधी. महागाई वाढली म्हणून, किंवा ठरलेली मुदत भरली म्हणून, अशी आपसूक एकदाही आली नाही.

५२ दिवस हा आकडा जरा मनात घोळवा. आपल्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा गाजलेला मोठा संप १९७७-७८ चा. कै. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली तो ५४ दिवस चालला होता. केंद्राइतका महागाई भत्ता द्या, ही त्यांची मागणी, आणि १९७८ मध्ये पुलोद सरकारच्या काळात ती मान्य झाली. तो संप अजून लोक आठवतात, त्यावर भाषणं होतात, कारण त्यातून एक नियम निघाला. पुढच्या पिढीला त्या भत्त्यासाठी परत ५४ दिवस बसावं लागलं नाही. आमच्या सेविका त्यांच्यापेक्षा दोनच दिवस कमी बसल्या, तेही महिना दहा हजार आणि साडेपाच हजारांवर. पण त्यातून नियम निघाला नाही. रक्कम निघाली. आणि रक्कम चार वर्षांत जुनी होते.

मोर्चाला जाऊन आलेल्या एक ताई मला म्हणाल्या, 'काय सांगू बाई, घरी नवरा म्हणायचा, बस झालं आता, नोटीस आली तर आहे तेबी जाईल. अन् सासू म्हणायची, लेकरांची खिचडी बंद केली, पाप लागंल.' संपात कामावरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या होत्या, त्यामुळे भीती खोटी नव्हती. आणि सासूबाईंचं म्हणणंही मला झटकून टाकता येत नाही. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्याकडे आई-बाप फडावर गेलेले आणि पोरं म्हाताऱ्या आजीजवळ. त्या पोरांना एक वेळची गरम खिचडी अंगणवाडीतच मिळायची. ती ५२ दिवस नव्हती, याची किंमत कुणी मोजली नाही. ज्यांनी बोलणी आठ आठवडे लांबवली, त्यांनाही ती मोजावीशी वाटली नाही, हे मात्र मला जास्त खटकतं.

आणखी एक गंमत बघा. गंमत कसली, संताप येतो. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना संपाची बंदी करणारा कायदा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. पण त्या चार दिवसांत पोटातलं ओठावर आलं. पगार मागितला की तुम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहात. संप केला की तुम्ही एवढ्या अत्यावश्यक कर्मचारी, की घरी बसणं हा गुन्हा! रांगोळीच्या परीक्षकबाई आल्या नाहीत म्हणून कुणी त्यांच्यावर मेस्मा लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कोर्टाचंही थोडं सांगते, कारण यातली माहिती आपल्याकडच्या बऱ्याच सेविकांपर्यंतही पोचलेली नसते. २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सेविकेचं पद हे सरकारी नागरी सेवेतलं पद नाही. पुढे अनेक वर्षं प्रत्येक मागणीला हाच निकाल दाखवला जायचा. मग २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि आपल्याकडचे न्या. अभय ओक यांनी वेगळी वाट काढली. अन्न सुरक्षा कायद्यानंतर अंगणवाडीचं स्वरूप बदललं आहे, हे मानधन ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे आणि सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तर सेविकेला २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये किमान वेतन द्या, असा निकाल दिला. आपल्याकडच्या संपातली मागणी २६ आणि २० हजारांची होती. तेव्हा ज्यांनी 'या बायकांच्या मागण्या अव्वाच्या सव्वा आहेत' म्हणून नाकं मुरडली, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

ग्रॅच्युइटीचा हिशेब अगदी सोपा आहे. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, आणि त्याला सेवेची वर्षं. तेरा हजारांवर हा हिशेब केला तर दर वर्षाचे बरोबर साडेसात हजार रुपये निघतात. पंचवीस वर्षं काम केलेल्या सेविकेचे १ लाख ८७ हजार ५००. तीस वर्षांचे सव्वादोन लाख. राज्यानं आधी ठरवलेला एकरकमी लाभ सेविकेला एक लाख आणि मदतनिसाला पाऊण लाख असा होता. फरक तुम्हीच बघा. आणि हो, ग्रॅच्युइटी ही पेन्शन नव्हे. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते. शाळा, दवाखाने, कचेऱ्या ओस पडल्या होत्या. त्यांची मागणी जुनी पेन्शन की नवी, अशी होती. सेविका त्याच्या पंधरा दिवस आधीच आपला संप मिटवून कामावर आल्या होत्या. त्यांना जुनीही नाही आणि नवीही नाही. एकाच गावातले दोन संप, पण एकानं दुसऱ्याची विचारपूस केल्याचं माझ्या तरी बघण्यात आलं नाही. कर्मचारी संघटनांमधल्या भावांना हे थोडं लागेल, पण लागू दे.

पैशाइतकाच दुसरा त्रास आहे तो हत्याराचा. म्हणजे मोबाईलचा. सरकारनं दिलेले मोबाईल दोन जीबी रॅमचे, वर्ष-दोन वर्षांत तापायला, बंद पडायला लागले. पोषण ट्रॅकर ॲप आलं ते इंग्रजीतून. सातवी-दहावी शिकलेल्या बाईनं लाभार्थींची नावं इंग्रजीत भरायची! ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयात नेऊन परत दिले. मला ते आंदोलन फार आवडलं होतं. घोषणा कमी आणि मुद्दा टेबलावर, अक्षरशः. आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली आहे. आईचा चेहरा कॅमेऱ्यात जुळला तर आहार. चोरी थांबावी हा हेतू चांगलाच आहे. पण आई कर्नाटकात ऊस तोडतेय आणि पाकीट न्यायला आजी आलीय, रेंज येत नाही, ओटीपी ज्या फोनवर जातो तो फोन बापाच्या खिशात, तोही फडावर. मग ताईंनी काय करायचं? आहार दिला नाही तर आजी शिव्या देणार, नोंद झाली नाही तर मुख्यसेविका विचारणार. कामगिरीवर भत्ता ठेवलाय, आणि ती कामगिरी मोजणार ॲप.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातले ११२ आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात तेव्हाचा उस्मानाबाद आहे. आकांक्षित म्हणजे मागास हे बोलायचं नाही म्हणून काढलेला गोड शब्द. मानधनासारखाच! या जिल्ह्यांचे दर महिन्याला गुण लागतात आणि त्यातले ३० टक्के गुण आरोग्य आणि पोषणाचे. यातले कितीतरी आकडे अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून वर जातात. जिल्ह्याचा नंबर वर गेला की कौतुक होतं, फोटो येतात. त्या फोटोत वजनकाटा धरणारी बाई कुठं दिसली तर मला जरूर कळवा.

मग काय मागायला हवं? मी संघटनेची नेता नाही, पण बाहेरून बघताना मला एक वाटतं. पुढच्या वाटाघाटीत 'आणखी तीन हजार' ही मागणी दुसऱ्या नंबरवर ठेवावी. पहिली मागणी असावी दरवर्षीच्या वाढीचा नियम, लेखी, महागाईशी जोडलेला, शासन निर्णयात. सरकार हजार-दोन हजार लवकर देतं, नियम सहजी देत नाही, कारण नियम दिला की उपकार संपतो. दुसरं म्हणजे बोलणी कुणाशी आणि कधी, हे ठरवून घ्यावं. वर्षातून दोनदा, तारीख आधी ठरवून, महिला व बालविकास आणि वित्त या दोन्ही खात्यांचे अधिकारी हजर असताना. नुसत्या एका खात्याच्या मंत्र्यांनी हसून निवेदन घेतलं की फोटो निघतो आणि फाईल वित्त खात्यात जाऊन झोपते, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय. कृती समितीत वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र येतात ही जमेची बाजू आहे. एवढ्या मोठ्या राज्यात, लाखाच्या वर अंगणवाड्या आणि दोन लाखांवर बायका, त्यांना ५२ दिवस एकत्र ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

हे अशक्य आहे असंही नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं ठराव केला होता की अंगणवाडी, आशा, पोषण आहार शिजवणाऱ्या अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघंही बसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना ही तिघांनी एकत्र बसायची पद्धत रुजली. २०१५ च्या परिषदेनं तोच ठराव परत उचलून धरला. आणि त्यानंतर दहा वर्षं ती परिषद भरलीच नाही!

आपण, म्हणजे ज्या सेविका नाहीत त्या, काय करू शकतो असं काही जणी विचारतील. ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघाला की आपण गप्प बसतो, किंवा फक्त खिचडीत मीठ कमी होतं एवढंच बोलतो. तिथं विचारा: इमारत आहे का, नळ आहे का, संडास आहे का, वजनकाटा चालतो का, आहाराची बिलं किती महिन्यांची थकली आहेत? हे प्रश्न ताईंनी विचारले तर तक्रार होते, गावातल्या बायकांनी विचारले तर इतिवृत्तात येतात. आणि पुढच्या वेळी ताई एखाद्या योजनेच्या पडताळणीला दारात आल्या, तर कागद त्यांनी काढलेला नाही एवढं लक्षात ठेवून त्यांना पाणी विचारा. तुमच्या ओळखीत निवृत्तीला आलेल्या सेविका किंवा मदतनीस मावशी असतील, तर त्यांना नेमणुकीचा आदेश, सेवेची नोंद आणि मानधन जमा होतं त्या खात्याचं पासबुक जपून ठेवायला सांगा. ग्रॅच्युइटीचा अर्ज करायची वेळ येईल तेव्हा पहिल्यांदा हेच मागतील.

सध्या सगळ्या कचेऱ्यांत आठव्या वेतन आयोगाच्या गप्पा आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं त्याची अधिसूचना काढली, अध्यक्षपदी न्या. रंजना देसाई आहेत आणि अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे. 'फिटमेंट' किती धरणार, थकबाकी कधी मिळणार, याचे अंदाज चहाच्या टपरीवरसुद्धा चाललेत. परवा एका मदतनीस मावशींनी मला सहज विचारलं, 'ताई, त्या आयोगात आमचं बी काही असतंय का?' त्यात त्या येत नाहीत, कारण तो आयोग पगाराचा आहे.